सिम्युलेशनमध्ये मस्त चालणारा अ‍ॅडॅप्टिव्ह फझी कंट्रोलर बोर्डवर पंधरा मिनिटांनी का डोलायला लागतो?

नांदेडहून एका एम.टेक.च्या पोराने विचारलंय. त्याचा बूस्ट कन्व्हर्टर आहे, २४ व्होल्टचे ४८ करतो, १०० वॅट, कॉइल २२० मायक्रोहेन्री. कंट्रोलला अ‍ॅडॅप्टिव्ह फझी लावलाय, म्हणजे "व्होल्टेज एवढं आणि करंट एवढा असेल तर एवढं कर" असे रूल, आणि त्यांचे आकडे चालता चालता स्वतः बदलणारे. इनपुट दोन, आउटपुट व्होल्टेज आणि कॉइलचा करंट, व्होल्टेजला सहा मेंबरशिप (मोजलेला आकडा कुठल्या गटात किती बसतो ते सांगणारे त्रिकोण), करंटला चार, एकूण २४ रूल. सोबत थोडा प्रपोर्शनल गेन (एररच्या प्रमाणात दुरुस्ती), इंटिग्रेटर (साठत गेलेल्या एररवर दुरुस्ती) नाही. सिम्युलेशनमध्ये लोड बदला, इनपुट बदला, सगळं झकास. बोर्डवर पण पहिली दहा-बारा मिनिटं झकास, मग कॉइल हळूच शिट्टी वाजवायला लागते, आउटपुट तीन-चार व्होल्ट वरखाली डोलतं, आणि थोड्या वेळाने आपोआप शांत होतं. मग परत तेच. त्याचे गाइड म्हणतात बोर्डाचं ग्राउंडिंग चुकलंय, मित्र म्हणतात फझी सोड आणि पीआयवर, म्हणजे साध्या प्रपोर्शनल अधिक इंटिग्रेटरवर जा. तो विचारतोय की नेमकं काय चुकायलंय.

बाळा, आधी हे सांगतो की तुझं निरीक्षण फार चांगलं आहे. बहुतेक जण ०.२ सेकंदाचा ग्राफ काढून रिपोर्टला चिकटवतात आणि सप्लाय बंद करतात, तू पंधरा मिनिटं बोर्ड चालू ठेवलास म्हणून तुला हे दिसलं. मी वाळूजला बावीस वर्षं पॉवर सप्लाय, चार्जर आणि आता सोलर पंपाचे कंट्रोलर बनवतोय, आणि तू लिहिलेलं "डोलतं, आपोआप शांत होतं, परत डोलतं" हे वाचल्या वाचल्या मला कळलं काय झालंय, कारण आमच्या बेंचवर मी हेच बघितलंय आणि तेव्हा आम्ही पण आठ दिवस ग्राउंडच शोधत बसलो होतो.

तुझे थीटा सरकायलेत. म्हणजे रूलचे जे आउटपुट तू अ‍ॅडॅप्ट करतोस ते २४ आकडे. तू ते मेमरीत साठवून कधी बघितलेत का? माझी खात्री आहे बघितले नसणार, कारण आउटपुट ४८ ला स्थिर दिसतंय म्हटल्यावर आत काही हलत असेल असं कुणालाच वाटत नाही. आज एवढंच कर, दर सेकंदाला २४ थीटा सिरीयलवरून लॅपटॉपवर घे आणि वीस मिनिटांचा ग्राफ काढ. तुला दोन शेजारचे थीटा, ज्यांच्या मधोमध तुझं ४८ पडतं ते, कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांपासून लांब जाताना दिसतील, एक वर चाललाय, दुसरा तेवढाच खाली. दोघांची सरासरी जागेवर, म्हणून ड्यूटी (प्रत्येक सायकलमध्ये स्विच किती भाग चालू राहतो ते) जागेवर, म्हणून आउटपुट ४८. आणि कात्री जास्त उघडली की शिट्टी.

हे का होतं ते नीट समजून घे, कारण सगळं उत्तर इथेच आहे. तुझा अ‍ॅडॅप्टेशनचा नियम काय आहे? थीटाचा बदलण्याचा वेग म्हणजे गॅमा (किती जोरात शिकायचं तो आकडा) गुणिले एरर गुणिले त्या रूलची मेंबरशिप. आता एररमध्ये काय आहे? ४८ वजा एडीसीने (व्होल्टेज मोजून आकड्यात देणारा भाग) वाचलेलं व्होल्टेज. आणि मेंबरशिपमध्ये काय आहे? तेच एडीसीने वाचलेलं व्होल्टेज! म्हणजे एडीसीवर जो नॉइज आला तो दोन्हीकडे एकाच वेळी शिरतो. नॉइजने वाचन जरा वर गेलं की एरर निगेटिव्ह होतो आणि त्याच क्षणी वरच्या शेजारच्या रूलची मेंबरशिप वाढलेली असते, म्हणजे वरचा रूल खाली ढकलला जातो. वाचन खाली गेलं की एरर पॉझिटिव्ह आणि खालच्या रूलची मेंबरशिप वाढलेली, म्हणजे खालचा रूल वर ढकलला जातो. नॉइजची सरासरी शून्य आहे पण गुणाकाराची सरासरी शून्य नाही, आणि ती कायम एकाच दिशेने आहे. खालच्या व्होल्टेजला ड्यूटी जास्त, वरच्या व्होल्टेजला ड्यूटी कमी, याचा अर्थ काय झाला, तुझ्या नकळत प्रपोर्शनल गेन वाढत चाललाय.

आकड्यात बघू. तुझ्या मेंबरशिपचे मध्य ४३, ४५, ४७, ४९ असे दोन-दोन व्होल्टवर आहेत, म्हणजे त्रिकोणाचा उतार व्होल्टला ०.५. तुझ्यासारख्या बोर्डवर स्विचिंगचे टोके धरून नॉइज ०.१५ व्होल्ट आरएमएस धरू, त्याचा वर्ग ०.०२२५. गॅमा तू ०.०१ लिहिलायस. गुणाकार केला तर प्रत्येक थीटा सेकंदाला साधारण ०.०००११ ने सरकतो. दिसायला काहीच नाही. पण पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद, तेवढ्यात प्रत्येक थीटा ०.१ सरकला, दोघांमधलं अंतर ०.२, आणि ते दोन व्होल्टवर पसरलंय, म्हणजे व्होल्टला ०.१ ड्यूटीचा गेन तयार झाला. तुझ्या कन्व्हर्टरचा डीसी गेन, म्हणजे ड्यूटी बदलली की आउटपुट किती बदलतं, तो इनपुट भागिले (एक वजा ड्यूटी) चा वर्ग, २४ भागिले ०.२५, ९६. गुणाकार साडेनऊच्या वर. तू कधी न मागितलेला साडेनऊचा लूप गेन बूस्टवर बसला तर तो डोलणार नाही तर काय करणार. (करंट एखाद्या मेंबरशिपच्या मध्यावर बसलाय असं धरून हा हिशोब आहे, तो दोघांच्या मधे असेल तर वेग कमी पडेल, दिशा तीच.)

डोलायला लागलं की एरर मोठा होतो, सगळेच थीटा जोरात हलतात, कात्री काही प्रमाणात मिटते, आणि सिस्टिम शांत होते. मग परत उघडायला सुरुवात. अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलवाले याला बर्स्टिंग म्हणतात आणि हे अ‍ॅडॅप्टिव्ह फझीच्या आधीपासून माहीत आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रोर्स आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं होतं की कागदावर स्टेबल सिद्ध झालेले अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर मॉडेलमध्ये न घेतलेल्या छोट्या डायनॅमिक्समुळे आणि बारीकशा डिस्टर्बन्सने सरकत सरकत अनस्टेबल होतात. त्यावर त्या काळी बरीच वादावादी झाली आणि त्यातूनच आज आपण वापरतो ते इलाज पक्के झाले. सिम्युलेशनमध्ये तू नॉइज टाकलाच नाहीस म्हणून तिथे कात्री उघडलीच नाही. गाइड सर ग्राउंडिंग म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, ग्राउंड सुधारलं तर नॉइज अर्धा होईल, म्हणजे वर्ग पाव होईल, म्हणजे पंधरा मिनिटांच्या जागी तासाभराने डोलेल. रोग तसाच.

आता पीआयवर जाऊ का, या प्रश्नाकडे येतो. इथे मी जरा स्पष्ट बोलतो. नुसत्या २४ चे ४८ करायला, टेबलावरच्या सप्लायवरून, ठरलेल्या लोडला, नीट ट्यून केलेला करंट मोड पीआय (आत करंटचा लूप, बाहेर व्होल्टेजचा) पुरेसा आहे आणि तो फझीपेक्षा चांगला चालेल. फझीची गरज तिथे पडते जिथे प्लँट, म्हणजे ज्याला कंट्रोल करायचंय ते, खरंच बदलतो आणि कसा बदलतो हे आधी लिहून ठेवता येत नाही. आमच्याकडे ते रोजचं आहे. पावडर कोअरची कॉइल घे, करंट वाढला की तिची इंडक्टन्स हळूहळू पडत जाते, फुल लोडला तीस-चाळीस टक्के पडलेली सहज असते. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर घे, तो शेतातल्या डब्यात बसलाय, बाहेर ४३ डिग्री, डब्यात साठ-पासष्ट, आणि दर दहा डिग्रीला त्याचं आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे, दोन-तीन उन्हाळे गेले की ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स, वाढलेला आणि कपॅसिटी कमी झालेली. सोर्स म्हणजे पॅनेल, ज्याचं व्होल्टेज सकाळी वेगळं, दुपारी तापल्यावर वेगळं. आणि लोड म्हणजे मोटार चालवणारा इन्व्हर्टर, जो स्पीड धरून ठेवतो म्हणजे पॉवर धरून ठेवतो, बस (इन्व्हर्टरला जाणारी डीसी लाइन) पडला की करंट कमी न करता वाढवतो, कन्व्हर्टरला तो निगेटिव्ह रेझिस्टन्ससारखा दिसतो. ६०० व्होल्टचा बस आणि ३.७ किलोवॅट धरलं तर वजा ९७ ओहम. फॅक्टरीत बेंचवर ट्यून केलेला पीआय तिथे जाऊन बावरतो.

अंबडकडचा एक अनुभव सांगतो. पाच एचपीचा पंप, ४८०० वॅटचे पॅनेल, आमच्या डिझाइनमध्ये पॅनेलनंतर बूस्ट आणि मग इन्व्हर्टर. श्रावणात ढग पळायला लागले की पाच-सात सेकंदांत पॅनेलची पॉवर निम्मी, बस पडायचा, ड्राइव्ह अंडरव्होल्टेजला ट्रिप, परत चालू व्हायला दोन मिनिटं, तोवर पाइपातलं पाणी खाली. शेतकरी दादा फोनवर म्हणाले, साहेब दिवसातून पन्नास वेळा बंद पडायलंय, मी मोटारीजवळच बसू का? त्या माणसाची भिजवणी त्या डब्यावर अवलंबून होती. पीआय ढगासाठी फास्ट केला की भर दुपारी रिंगिंग, दुपारसाठी स्लो केला की ढगात ट्रिप. तिथे आम्ही पहिल्यांदा मनापासून अ‍ॅडॅप्टिव्ह फझीकडे वळलो. म्हणून फझी सोड असं मी तुला म्हणणार नाही. फझीला कुठलं काम द्यायचं ते बदल म्हणतो.

तुझ्या डिझाइनमध्ये फझी सगळंच करायलाय. त्याला ड्यूटी पण शोधायचीय, व्होल्टेज पण धरायचंय, लोड पण ओळखायचाय. हे ज्या थिअरीतून आलंय ती मूळची वेगळ्या प्लँटसाठी आहे. झादेंनी १९६५ मध्ये फझी सेट मांडले, लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात ममदानी आणि असिलियन यांनी छोट्या स्टीम इंजिनावर रूल लावून दाखवले, ते १९७५ ला छापून आलं, ताकागी-सुगेनो १९८५. तोवर रूल बहुतेक माणसानेच लिहायचे. १९९० च्या सुरुवातीला ली-शिन वांग यांनी दोन गोष्टी जोडल्या, एक म्हणजे फझी सिस्टिम कुठलंही सलग फंक्शन पाहिजे तेवढ्या जवळून गाठू शकते, आणि दुसरं म्हणजे तिचे थीटा लायपुनोवच्या पद्धतीने (स्टेबिलिटी सिद्ध करायचं गणित) असे बदलता येतात की एरर वाढत नाही. फार सुंदर काम आहे, मी आजही त्यातली मांडणी पोरांना शिकवतो. पण त्यात धरलेलं असतं की इनपुट वाढवला की आउटपुट शेवटी योग्य दिशेला जातो आणि आतली उरलेली डायनॅमिक्स स्वतःहून शांत राहते. बूस्टचं आउटपुट व्होल्टेज या अटीत बसत नाही.

ड्यूटी वाढवली की स्विच जास्त वेळ चालू, डायोड कमी वेळ चालू, म्हणजे आउटपुटला जाणारा करंट आधी कमी होतो, व्होल्टेज आधी खाली जातं आणि कॉइल भरल्यावर मग वर येतं. जुन्या मोटेचं कसं असायचं, पाणी वर यायच्या आधी बैलांना मागं सरावं लागायचं, तसं. तुझा अ‍ॅडॅप्टेशनचा नियम त्या मागं सरण्याला चूक समजतो आणि ड्यूटी आणखी वाढवतो. याची मर्यादा आकड्यात निघते, लोड रेझिस्टन्स गुणिले (एक वजा ड्यूटी) चा वर्ग भागिले (२π गुणिले इंडक्टन्स). तुझ्या बोर्डला १०० वॅटवर रेझिस्टन्स २३ ओहम, ड्यूटी ०.५, म्हणजे ही मर्यादा, जिला राइट हाफ प्लेन झिरो म्हणतात, तो साधारण ४.२ किलोहर्ट्झवर. इनपुट १६ व्होल्टवर पडू दे, तो १.८५ किलोहर्ट्झवर येतो. त्यात लोड दुप्पट कर, ९०० च्या आसपास. व्होल्टेज लूपची बँडविड्थ (तो किती वेगाने दुरुस्ती करतो ते) त्याच्या पाचव्या भागाच्या आत ठेवली तर झोप लागते. म्हणजे सगळ्यात वाईट ठिकाणी पावणेदोनशे-दोनशे हर्ट्झ. कितीही हुशार फझी लावला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही, ती कन्व्हर्टरच्या फिजिक्समध्ये आहे.

म्हणून आधी आतला लूप कॉइलच्या करंटचा कर. ड्यूटी ते करंट या वाटेवर उलटं सरणं नाही, तिथे साधा पीआय फास्ट चालतो. बाहेर व्होल्टेजचा स्लो पीआय. आणि फझीचं आउटपुट करंटच्या रेफरन्समध्ये मिळव. फझीने शिकायचं काय, तर या इनपुट व्होल्टेजला आणि या लोडला किती करंट लागतो, यात तुझ्या साध्या पॉवर बॅलन्सच्या सूत्रात जी चूक राहते तेवढीच. लॉसेस, तापलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स, सेन्सरची चूक, हे सगळं त्यात येतं. ही चूक दहा-पंधरा टक्क्यांच्या आतली गोष्ट आहे, म्हणजे फझीचं आउटपुट तेवढ्यावरच क्लॅम्प करता येतं, आणि तो पूर्ण वेडा झाला तरी कन्व्हर्टर उडत नाही. माझ्या मते हार्डवेअरवर अ‍ॅडॅप्टिव्ह काहीही घालायची पहिली अट ही आहे.

दुसरं, फझीचे इनपुट बदल. आउटपुट व्होल्टेज आत देऊच नको. इनपुट व्होल्टेज आणि लोडचा करंट दे, दोन्ही दहा-वीस हर्ट्झच्या फिल्टरमधून. मग नॉइज एररमध्ये एक आणि मेंबरशिपमध्ये वेगळा, दोघांचा संबंध तुटला, कात्री उघडायचं कारणच गेलं. आणि शिकलेलं कामाला पण येतं, कारण ढग येऊन इनपुट पडलं की फझी त्या ठिकाणचे आधी शिकलेले थीटा लगेच बाहेर काढतो, एरर व्हायची वाट बघत नाही. तुझ्या जुन्या रचनेत व्होल्टेज कायम ४८ ला, म्हणजे २४ पैकी तेच दोन-चार रूल जन्मभर फायर होणार आणि बाकीचे कोरे राहणार.

एररच्या बाबतीत पण एक सुचवतो. थीटा थेट व्होल्टेजच्या एररवर चालवू नकोस, बाहेरच्या पीआयच्या इंटिग्रेटरवर चालव. इंटिग्रेटरमध्ये जे साठलंय ते म्हणजे फझीने अजून न शिकलेलं. ते हळूहळू थीटामध्ये ओत, इंटिग्रेटर आपोआप शून्याकडे येतो. जपानचे मित्सुओ कावातो यांनी १९८० च्या दशकात मेंदू हातापायाची हालचाल कशी शिकतो ते समजावताना ही कल्पना मांडली होती, फीडबॅक एरर लर्निंग म्हणतात. आम्हाला ती कन्व्हर्टरवर फार लाभली, कारण इंटिग्रेटरचं आउटपुट मुळातच गुळगुळीत असतं. फक्त ओतण्याचा वेग व्होल्टेज लूपपेक्षा निदान दहा पट स्लो ठेव, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडतात.

मग इलाजाची जुनी औषधं. डेड झोन, म्हणजे एरर नॉइजच्या आत असेल तर थीटाला हात लावायचा नाही, तुझ्या ०.१५ आरएमएसला अर्धा व्होल्ट ठेव, त्याच्या आतलं काम पीआय करेल. प्रोजेक्शन, म्हणजे प्रत्येक थीटाला कुंपण, बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि लीकेज, सिग्मा मॉडिफिकेशन, जे इओआनू आणि कोकोटोविच यांनी रोर्सच्याच काळात मांडलं. टाकीला बारीक भोक ठेवल्यासारखं आहे, पाणी चढत राहिलं तरी ओसंडत नाही. पण साध्या लीकेजचा तोटा हा की शिकलेलं पण गळून जातं, रात्री पंप बंद, सकाळी सगळं विसरलेलं. म्हणून भोक टाकीच्या वरच्या भागात ठेव, थीटा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तरच गळती चालू, याला स्विचिंग सिग्मा म्हणतात. आणि गळती शून्याकडे नको, तू आधी हिशोबाने काढलेल्या किमतीकडे होऊ दे. याने तुझं प्रूफ जरा बदलेल, एरर शून्य होतो असं म्हणता येणार नाही, एका मर्यादेत राहतो एवढंच म्हणता येईल. घाबरू नको, व्हायवाला हेच ठामपणे सांग. उलट पेपरांमध्ये "सगळे सिग्नल बाउंडेड" लिहिलेलं असतं तेव्हा तो बाउंड किती व्होल्टचा आहे हे विचारायची सवय लाव. तो बहुतेक वेळा माहीत नसलेल्या कॉन्स्टंटवर अवलंबून असतो, ४८ च्या बसला दोनशे व्होल्टचा बाउंड पण बाउंडच असतो, पण तुझा मॉस्फेट, म्हणजे स्विच, १०० व्होल्टचा आहे.

कधी शिकायचं नाही हे शिकवणं मला तरी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अंबडच्या युनिटच्या पहिल्या फर्मवेअरमध्ये ही चूक आमच्याकडून झाली. ड्राइव्ह ट्रिप झाला, बस वर गेला, आणि अ‍ॅडॅप्टेशन चालूच होतं, लोड नसताना ते बिचारं शिकत बसलं की इथे करंट लागतच नाही. मोटार परत चालू झाली तेव्हा चुकीच्या थीटावर सुरुवात, बस पडला, मग पीआयने जोर लावला, उसळून वर गेला, आणि आयजीबीटी (पॉवर स्विच) जळाला. भर हंगामात त्या दादांची मोटार चार दिवस बंद राहिली, मला ते आजही लागतं. तेव्हापासून ड्यूटी क्लॅम्प झाली असेल, करंट लिमिट लागली असेल, सॉफ्ट स्टार्ट चालू असेल, किंवा लोड इतका कमी असेल की कॉइलचा करंट प्रत्येक सायकलला शून्याला जातोय, तर थीटा गोठवायचे, पहिली ओळ तीच. शेवटचं विसरू नको, डिसकंटिन्युअस मोडमध्ये प्लँटच दुसरा असतो, तिथलं शिकलेलं इथे चालत नाही. आणि सायकल बाय सायकल करंट लिमिट हार्डवेअरच्या कंपॅरेटरने, कोडमध्ये नाही.

पेपरांतल्या बाकी गोष्टींबद्दल थोडक्यात. बॅकस्टेपिंग (एकेक स्टेट घेऊन पायरीपायरीने कंट्रोलर बांधायची पद्धत) करणार असशील तर दर पायरीला डेरिव्हेटिव्हचा जो पसारा वाढतो त्यावर डायनॅमिक सरफेस कंट्रोलचा फिल्टर हा चांगला उपाय आहे, पण दोन स्टेटच्या बूस्टला त्याची गरज नाही, कॅस्केड लूप म्हणजे तेच काम साध्या भाषेत. नुसबॉम गेन, ज्यात प्लँटची दिशा माहीत नसते म्हणून कंट्रोलर दोन्हीकडे झोके घेऊन दिशा शोधतो, गणित म्हणून वाच, पॉवर बोर्डवर लावू नकोस. एक झोका चुकीचा म्हणजे ड्यूटी फुल. आणि ती ४९ रूलची तयार टेबल जी एका थीसिसमधून दुसऱ्यात उतरत आलीय, तिच्यात गेन सोडला तर कन्व्हर्टरचं काहीच नाही, ती बहुतांशी वाकवलेला पीडी (एरर आणि एररच्या बदलाचा वेग यांवर चालणारा साधा कंट्रोलर) आहे.

आता एक बारीक गोष्ट, हिच्यामुळे तुझा नवा कोड "शिकतच नाही" असं तुला वाटू शकतं म्हणून आधीच सांगतो. तू अ‍ॅडॅप्टेशन २० किलोहर्ट्झच्या इंटरप्टमध्ये करायलास. एरर ०.०५, मेंबरशिप ०.५, गॅमा ०.०१, वेळ ५० मायक्रोसेकंद, गुणाकार कर, सव्वा भागिले दहा कोटी. तुझा थीटा ०.५ च्या वर आहे, आणि ३२ बिट फ्लोटमध्ये ०.५ च्या वर दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर जवळपास सहा भागिले दहा कोटी. मिळवायचा आकडा त्याच्या अर्ध्यापेक्षा लहान, म्हणून बेरीज केली तरी थीटा जसाच्या तसा राहतो. छोटे एरर पूर्ण गिळले जातात आणि फक्त नॉइजचे मोठे टोके नोंदले जातात, म्हणजे नको ते शिकलं जातं! १५ बिट फिक्स्ड पॉइंटमध्ये तर हा प्रकार शेकडो पटींनी वाईट. उपाय सोपा आहे, अ‍ॅडॅप्टेशन १ किलोहर्ट्झच्या टास्कमध्ये ने, मधल्या २० सॅम्पलची सरासरी घे, आणि मेमरीत पूर्ण थीटा न ठेवता मूळ किमतीपासूनचा फरक ठेव, तो लहान असतो म्हणून त्यात बारीक भर पण टिकते. वेळ पण वाचतो. त्रिकोणी मेंबरशिपच ठेव, दोन इनपुटला एका वेळी फार तर चार रूल जिवंत असतात, तेवढेच मोज आणि तेवढेच अपडेट कर.

अंबडचं काय झालं ते राहिलं. आतला करंट लूप, बाहेर स्लो पीआय, आणि ५ गुणिले ५ चा फझी तक्ता, इनपुट पॅनेलचं व्होल्टेज आणि मोटारीची पॉवर. तक्ता दिवसातून एकदा संध्याकाळी बंद होताना मेमरीत लिहायचा. पहिल्या दोन दिवसांत ट्रिप चालूच होते, दादांना तसं आधीच सांगून ठेवलं होतं. ढगांचे चार-पाच दिवस तक्त्यावरून गेल्यावर ट्रिप दिवसाला एखाद-दुसरा राहिला, तो पण खरंच पॉवर नसताना. पॅनेल मॅक्झिमम पॉवर पॉइंटच्या (ज्या व्होल्टेजला ते सगळ्यात जास्त पॉवर देतं) डाव्या बाजूला गेलं की कोसळतं, तिथे शिकणं कामाचं नाही, तिथे व्होल्टेजची खालची मर्यादा ठेवून मोटारीचा स्पीडच कमी करावा लागतो, तो भाग साध्या इफ-एल्सचा आहे आणि तसाच असू दे.

तुझ्यासाठी क्रम असा ठेव. आधी अ‍ॅडॅप्टेशन बंद करून, सप्लाय चालू, लोड चालू, एडीसीचे दहा हजार सॅम्पल घे आणि नॉइजचा आरएमएस काढ, माझं ०.१५ गृहीत धरू नको. मग जुन्याच कोडवर थीटाचा लॉग घे, कात्री दिसली की तो ग्राफ जपून ठेव, तुझ्या थीसिसमधलं ते सगळ्यात मोलाचं पान असेल कारण ते फार कमी जण दाखवतात. सिम्युलेशनमध्ये तेवढाच नॉइज घालून तीच कात्री तिथे पण उघडते का बघ, स्विचिंग मॉडेल नको, अ‍ॅव्हरेज मॉडेल वापर, मिडलब्रुक आणि चुक यांचं १९७६ चं स्टेट स्पेस अ‍ॅव्हरेजिंग त्यासाठीच आहे, २० मिनिटांचं रन काही मिनिटांत होईल. मग नवी रचना, आणि तिच्यावर दोन तास सलग, मधे मधे लोड बदलत, इनपुट २४ वरून १६ वर आणत. शेजारी तोच पीआय फझीशिवाय चालवून त्याचे आकडे पण लिही, पीआय जिथे जिंकतो तिथे जिंकतो असंच लिही.

पहिला लॉग आला की मला टाक, ४७ आणि ४९ च्या दोन्ही थीटांचे कॉलम वेगळे ठेव. आणि प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंगवाली टीप लाव, नाहीतर नॉइज बोर्डाचा की प्रोबचा यातच तुझा आठवडा जाईल.